राजधानी गेली, विद्यापीठ राहिले: १९५६ मध्ये नागपूर विद्यापीठाने काय गमावले?

सीताबर्डीकर

मध्य प्रांताची (पुढे जुन्या मध्य प्रदेशची) राजधानी असलेल्या नागपूरने १९५६ मध्ये काय गमावले असे विचारले की तीन गोष्टी लगेच सांगितल्या जातात. सचिवालय गेले, विधिमंडळ गेले, उच्च न्यायालय जबलपूरला गेले. विद्यापीठाचे नाव कुणी घेत नाही, कारण ते जागचे हलले नाही. माझे मत असे की सर्वात लांबलेला तोटा याच न हललेल्या संस्थेचा झाला, आणि तो आजही भरून निघालेला नाही.

आधी थोडा इतिहास. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये सुरू झाले, पण इथल्या मुलांच्या पदव्या बाहेरच्या होत्या. आधी कलकत्ता, मग अलाहाबाद. १९२१ च्या कायद्याने अलाहाबाद विद्यापीठ स्वतःपुरते, निवासी आणि शिकवणारे विद्यापीठ व्हायला निघाले, तेव्हा मध्य प्रांतातल्या महाविद्यालयांना स्वतःचे छत्र शोधणे भागच होते. ४ ऑगस्ट १९२३ ला नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू. सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी, एवढाच पसारा.

पसारा लहान असला तरी क्षेत्र अख्ख्या प्रांताचे होते. जबलपूर, सागर, रायपूर, खांडवा, अकोला, अमरावती, चांदा (आजचे चंद्रपूर), सगळे एका छत्राखाली. माझ्या आजोबांनी जबलपूरला शिकून १९३९ मध्ये बी.ए. केले, प्रमाणपत्र नागपूरचे. प्रांताचा राज्यपाल हाच विद्यापीठाचा कुलपती आणि त्याचे निवासस्थान याच गावात. विद्यापीठाची गरज, तिच्यासाठी पैसा देणारे सरकार आणि कायदा करणारे सभागृह, सगळे काही मैलांच्या आत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि ही साखळी तुटली. प्रांतासाठी जन्मलेले विद्यापीठ एका दिवसात मोठ्या राज्याच्या पूर्व टोकाचे विद्यापीठ झाले.

राजधानी हलवताना मागे राहणाऱ्या विद्यापीठासाठी कायद्यात तरतूद व्हायला हवी होती. ती झाली नाही. यावर मतभेद असतील तर जरूर मांडा.

वऱ्हाडी गडी

दादा, मतभेद आहे आणि मुळातच आहे. विद्यापीठाचे क्षेत्र १९५६ मध्ये तुटलेच नाही. ते तुटले १८ जुलै १९४६ ला, सागर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा. महाकोशलची, म्हणजे प्रांताच्या हिंदी भागातली, महाविद्यालये तिकडे गेली. रायपूर तर १९६४ मध्ये स्वतःचे विद्यापीठ मिळेपर्यंत सागरकडेच होते. म्हणजे तुमच्या आजोबांचे जबलपूर नागपूरच्या हातून गेले तेव्हा राजधानी नागपुरातच होती, राज्यपाल नागपुरात होते, सभागृहही नागपुरातच होते. त्यांनी काय वाचवले?

आणि सागर विद्यापीठ कोणी काढले? डॉ. हरिसिंग गौर. नागपूर नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. याच गावच्या वकिलीत नाव कमावलेल्या या माणसाने २० लाख रुपये पदरचे घातले आणि विद्यापीठ आपल्या जन्मगावी नेले. कुलगुरूपद भूषवलेल्या माणसालाच दुसऱ्या विद्यापीठाची गरज वाटली, तर तोटा राजधानीच्या डोक्यावर कसा मारता?

१९५६ नंतर तुमच्याकडे आठही जिल्हे होते. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला झाले. तोवर सत्तावीस वर्षे बुलढाण्याच्या पोराचा निकाल नागपूरच लावत होते.

सीताबर्डीकर

१९४६ बद्दल तुमचे बरोबर आहे, आणि ते माझ्या मुद्द्याच्या बाजूने जाते. सागरला नवे विद्यापीठ झाले तेव्हा कायदा करणारे सभागृह आमच्यासमोर होते. नागपूरचे क्षेत्र कमी झाले, पण निर्णयाच्या जागेपासून ते दूर गेले नाही. महाकोशल गेल्यावरही नागपूर विद्यापीठ आपले धोरण स्वतः ठरवू शकत होते. स्वातंत्र्याच्या सुमारास पदवीपर्यंत मराठी आणि हिंदी माध्यम आणण्याचा निर्णय या विद्यापीठाने घेतला, तेव्हा देशातली बहुतेक विद्यापीठे इंग्रजीखेरीज विचारही करत नव्हती. त्याच काळात पं. रविशंकर शुक्ल यांचे सरकार डॉ. रघुवीर यांच्याकडून मराठी-हिंदीसाठी शास्त्रीय आणि शासकीय परिभाषा घडवून घेत होते, तेही याच नागपुरात. ती परिभाषा अवघड होती, रुक्ष होती, तिच्यावर टीका झाली, हे खरे. पण सरकार परिभाषा घडवते आणि विद्यापीठ त्या भाषांत शिकवायला निघते, हे एकाच गावात घडत होते. १९५६ नंतर मराठी माध्यमाचा हा प्रयोग सरकारी बळावर पुढे नेणारे कुणी उरले नाही.

त्याच्या आधीचे एक उदाहरण. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने शेकडो विद्यार्थ्यांना काढले. त्यांच्यातल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला, कुलगुरू तु. ज. केदार होते. मराठवाड्यातली मुले होती त्यांच्यात, तेलंगणातली होती. पी. व्ही. नरसिंह रावही तिकडून नागपूरला कायदा शिकायला आले. निजामाच्या राज्यातून काढलेल्या मुलांना असे उघडपणे घेण्याचे धाडस कुठून आले? प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते आणि विद्यापीठ त्याच्या शेजारी होते.

औरंगपुरा

मराठवाड्याचा उल्लेख केलात म्हणून लिहिते. नागपूरने उस्मानियाच्या मुलांना दिलेला आसरा आमच्याकडे आजही कृतज्ञतेने सांगितला जातो. पण त्याचे श्रेय राजधानीला देणे मला पटत नाही. केदारांना ती मुले नाकारता आली असती, नियमाचा आधार घेऊन सहज. त्यांनी नाकारली नाहीत. तो माणसाचा निर्णय होता, आणि मंत्रिमंडळ शेजारी होते म्हणून तो घेतला गेला असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे.

दुसरे, आमच्याकडे पाहा. हैदराबाद ही आमची राजधानी होती तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठच नव्हते. उस्मानियात शिक्षण उर्दूतून, आणि मराठी मुलगा तिथे परकाच. १९५६ मध्ये आमचे पाच जिल्हे हैदराबादपासून तुटले आणि २३ ऑगस्ट १९५८ ला, दोन वर्षांच्या आत, मराठवाडा विद्यापीठ झाले. राजधानी दूर गेल्यावर आम्हाला विद्यापीठ मिळाले. त्यामुळे १९५६ म्हणजे केवळ तोटा, हे सूत्र एका गावाचे आहे.

सदर बाजार

मी कायदा शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून माझ्या शाखेपुरते सांगतो. धागाकर्त्याशी मी सहमत आहे आणि त्याचे कारण ठोस आहे.

नागपूरला १९२५ मध्ये विद्यापीठाचे विधी महाविद्यालय झाले. १९३६ मध्ये उच्च न्यायालय झाले. सिव्हिल लाइन्समधल्या त्याच्या घुमटाच्या देखण्या इमारतीत १९४० पासून न्यायालय बसू लागले. या दोन्हीत किती जवळचे नाते होते, ते न्या. हिदायतुल्ला यांच्या चरित्रात दिसते. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, मग केंब्रिज, मग नागपूर बारमध्ये वकिली. १९३५ ते १९४३ विधी महाविद्यालयात अध्यापन. १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, पुढे देशाचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती. सकाळी वर्ग घ्यायचा, दुपारी न्यायालयात उभे राहायचे, अशी माणसे तेव्हा विधी महाविद्यालयाला मिळत होती. १९५६ मध्ये उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि तेही तिकडे मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेले.

नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले, हे उत्तर मला ठाऊक आहे. खंडपीठाने विदर्भाची मोठी सोय झाली, वकिलीची परंपराही टिकली. पण मुख्य न्यायमूर्ती जिथे बसतो तिथे कायद्याचे मोठे वाद जातात, मोठे वकील जातात, आणि त्यांच्यामागे हुशार विद्यार्थी जातात. अलाहाबाद पाहा. संयुक्त प्रांताची राजधानी लखनौला गेली, पण उच्च न्यायालय अलाहाबादला राहिले. त्या एका गोष्टीने तिथल्या विद्यापीठाला पुढची कितीतरी दशके तारले. नागपूरला सरकार आणि मुख्य न्यायालय एकाच दिवशी सोडावे लागले.

नर्मदेकाठचा मराठी

मी जबलपूरला जन्मलो, घरात मराठी, शाळेत हिंदी. तुमच्या चर्चेत आमच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते.

नव्या मध्य प्रदेशची राजधानी आपल्याकडे येईल अशी जबलपूरला फार आशा होती. ती भोपाळला गेली. जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले, आणि त्याच वर्षी, १२ जून १९५६ ला, विद्यापीठही मिळाले. उज्जैनला १९५७ मध्ये विक्रम विद्यापीठ झाले, रायपूरला १९६४ मध्ये. आणि भोपाळ? राजधानी असलेल्या भोपाळला स्वतःचे विद्यापीठ १९७० मध्ये मिळाले. चौदा वर्षे राज्याची राजधानी विद्यापीठाशिवाय चालली आणि त्या काळात सागर विद्यापीठाचा देशभर दबदबा होता. सागर कधीच आधुनिक राज्याची राजधानी नव्हते, उच्च न्यायालय नव्हते, मोठा उद्योग नव्हता. एका माणसाने दिलेला पैसा आणि त्याने निवडून आणलेले प्राध्यापक, एवढ्यावर ते उभे राहिले.

सदर बाजारचे काका, अलाहाबादबद्दल तुमचे म्हणणे ऐकले, पण आमच्या जबलपूरकडे १९५६ पासून उच्च न्यायालय आहे. त्यामुळे जबलपूर विद्यापीठाची कायदा शाखा देशात पहिल्या रांगेत आली, असे मी तिथे राहूनही पाहिले नाही.

मजबूत पाया

मी पुण्याचा. पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ ला झाले. पुणे राजधानी नाही, तरी वाढले. राजधानीवर विद्यापीठ अवलंबून असते हे मुळातच पटत नाही.

सीताबर्डीकर

पुण्याचे उदाहरण आले ते बरे झाले. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत कोणती? गणेशखिंडीतले मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान. पावसाळ्यात सरकार पुण्याला येई तेव्हा गव्हर्नर तिथे राहत. इंग्रज गेल्यावर ती इमारत आणि भोवतीची चारशे एकरांहून अधिक जमीन विद्यापीठाला मिळाली. सरकारने जागा सोडली आणि विद्यापीठाला दिली. मी तेच मागतो आहे.

नागपुरात सरकारने १९५६ मध्ये जागा सोडली, पण विद्यापीठाला दिली नाही. राजभवन, सचिवालय, विधानभवन सगळे राखून ठेवले, हिवाळी अधिवेशनासाठी. काही आठवड्यांच्या वापरासाठी उभ्या असलेल्या इमारती शहराच्या मध्यात, आणि शेजारी वर्गखोल्यांसाठी झगडणारे विद्यापीठ. अधिवेशन व्हावे, विदर्भाला महाराष्ट्रात घेण्यासाठी नेत्यांनी केलेल्या नागपूर करारात ते लिहिले आहे. पण त्याच २८ सप्टेंबर १९५३ च्या करारात धंदेशिक्षण आणि शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचेही कलम आहे. अधिवेशनाचे कलम बहुतेक वर्षी पाळले जाते, शिक्षणाच्या कलमाची आठवण कुणी काढत नाही.

मक्याच्या शेतातून

मी नागपूरची, बरीच वर्षे अमेरिकेत आयोवा राज्यात राहते. इथल्या विद्यापीठाचा इतिहास तुमच्या वादाशी इतका जुळतो की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आयोवा सिटी ही आधी प्रदेशाची आणि १८४६ मध्ये राज्य झाल्यावर राज्याची राजधानी. २५ फेब्रुवारी १८४७ ला, राज्य होऊन दोन महिने झाले होते तेव्हा, विधिमंडळाने विद्यापीठ स्थापन केले. पुढे वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली आणि १८५७ मध्ये राजधानी डे मॉइन्सला हलली. पण त्याच वर्षीच्या राज्यघटनेत एकाच कलमात दोन गोष्टी लिहिल्या गेल्या: राजधानी कायमची डे मॉइन्सला, आणि राज्य विद्यापीठ कायमचे आयोवा सिटीला. जुने विधानभवन विद्यापीठाला दिले गेले. ती सोनेरी घुमटाची इमारत आजही विद्यापीठाच्या मधोमध उभी आहे.

सीताबर्डीकर म्हणतात ती तरतूद म्हणजे हीच. राजधानी नेताना उरलेल्या गावाला काय मिळेल, हे घटनेत लिहायचे. नागपूर करार हा राजकीय नेत्यांमधला करार होता. त्यावर सह्या झाल्या, पण तो कायदा नव्हता.

वऱ्हाडी गडी

ताई, आपल्या घटनेतही आहे. कलम ३७१(२). विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे, आणि तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी समन्यायाने देण्याची राज्यपालांची विशेष जबाबदारी. लिहिलेले होते. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. घटनेत लिहून जे झाले ते हे आहे. तरतूद हवी होती असे म्हणणे सोपे आहे, तरतूद असतानाही विदर्भातल्या आमदारांनी काय केले ते विचारा.

पांढरीवरची खापरे

मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. १९५६ नंतर विद्यापीठ खचले असे वाचत आले, पण माझ्या विषयात नागपूर विद्यापीठाचे सर्वोत्तम काम १९५६ नंतरचे आहे.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी आधी मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवायचे. वाकाटक राजांच्या कोरीव लेखांचा त्यांचा मोठा संग्रह १९६३ चा. तोवर विदर्भाचा प्राचीन इतिहास म्हणजे कुणाच्या तरी इतिहासाची तळटीप असायची. साठच्या दशकाच्या अखेरीस डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठाने टाकळघाट-खापा आणि मग माहुरझरी इथल्या शिळावर्तुळांचे उत्खनन केले. घोड्यांची दफने आणि त्यांच्यासोबतचे तांब्याचे साज, लोखंडाची हत्यारे, मणी. वैनगंगेकाठच्या पवनीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणासोबत खोदले तेव्हा मोठा बौद्ध स्तूप निघाला. हे सगळे कुणासाठी? विदर्भासाठी. प्रांत मोठा होता तेव्हा विद्यापीठाची नजर नर्मदेपासून महानदीपर्यंत फिरत होती. क्षेत्र आठ जिल्ह्यांचे झाले आणि ती नजर पायाखालच्या जमिनीवर आली.

कुलगुरूही तसेच पाहा. १९६६ ते १९७२ डॉ. वि. भि. कोलते, महानुभाव वाङ्मयाचे पंडित. रिद्धपूरच्या परंपरेवर आयुष्य घातलेला माणूस विद्यापीठाच्या प्रमुखपदी बसतो, हे राजधानीच्या काळात झाले असते का? पहिले कुलगुरू प्रांताच्या सरकारदरबारात वजन असलेले वकील होते. विद्यापीठ विदर्भाचे झाले ते राजधानी गेल्यावरच.

सदर बाजार

बाळ, तुमचा मुद्दा मला आवडला, आणि मिराशींबद्दल दुमत नाही. पण मिराशी, कोलते ही मंडळी कोणत्या काळात घडली ते पाहा. त्यांची उमेदीची वर्षे १९५६ पूर्वीची आहेत. जुन्या व्यवस्थेने तयार केलेली माणसे नव्या व्यवस्थेला पंधरा-वीस वर्षे पुरली. ती पिढी निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी त्याच तोलाची किती माणसे आली, हा प्रश्न मी माझ्या शाखेत रोज पाहिला. पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, कारण ती भरायची परवानगी मंत्रालयातून यायची.

पांढरीवरची खापरे

सर, रिकाम्या पदांचे दुखणे मुंबईतल्या विद्यापीठालाही आहे, मंत्रालय तिथून हाकेच्या अंतरावर असून.

चांद्याची

एवढी चर्चा झाली, पण आमचे नाव फक्त यादीत आले. १९२३ पासून चांदा नागपूर विद्यापीठात होते. गडचिरोलीच्या मुलीला पुनर्मूल्यांकनाचा अर्ज द्यायला नागपूरला यावे लागे. भामरागडहून निघायचे म्हणजे दीड-दोन दिवस मोडायचे, मुक्कामाचा खर्च वेगळा. मंत्रालय दूर असल्याचे दुःख तुम्ही सांगता, तेच आम्ही नागपूरबद्दल सोसले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले तेव्हा नागपुरात काही जणांनी हळहळ व्यक्त केली की क्षेत्र आणखी कमी झाले. आमच्याकडे आनंद होता.

क्षेत्र मोठे म्हणजे विद्यापीठ मोठे, हे मोजमाप सोडून द्या. १९४६ चे सागर, १९८३ चे अमरावती, २०११ चे गडचिरोली, या तिन्हींत तुम्हाला नागपूरचा तोटा दिसतो. त्या त्या ठिकाणच्या मुलांना घराजवळ विद्यापीठ आले.

सीताबर्डीकर

चांद्याच्या ताई, क्षेत्र कमी झाल्याचे दुःख मला नाही. नागपूर विद्यापीठाकडे आज नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे आहेत आणि ते पुरेसे आहेत. माझा प्रश्न अधिकाराचा आहे. १९२३ चा कायदा एका विद्यापीठासाठी एका प्रांताने केलेला होता. पुढे १९७४ मध्ये नवा कायदा आला, तरी तो नावाने नागपूरचा होता. १९९४ मध्ये सगळ्या विद्यापीठांना एकच कायदा लागू झाला, २०१६ मध्ये पुन्हा नवा. आता मुंबईला जे लागू ते नागपूरला आणि तेच गडचिरोलीलाही. गोंडवाना विद्यापीठाला वनउपज, आदिवासी भाषा, खाणी यांसाठी स्वतःचे नियम करता यायला हवेत. ते त्यांनाही करता येत नाहीत. इथे तुमचे आणि आमचे दुखणे एकच आहे.

आणि एक उदाहरण, पैशाचे. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये मृत्यूपूर्वी आपली संपत्ती प्रांतातल्या मुलांच्या उपयोजित विज्ञानासाठी ठेवली. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि ती विद्यापीठाचा अभिमान होती. २०२३ मध्ये, विद्यापीठाच्या शताब्दीच्याच वर्षी, ती वेगळे विद्यापीठ झाली.

वऱ्हाडी गडी

ती संस्था वेगळी झाली म्हणजे बुडाली का? स्वायत्तता मिळाली. तुम्ही नागपूर विद्यापीठासाठी जी मागता तीच तिला मिळाली, मग त्याचे वाईट का वाटावे?

अधिकाराच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्यासोबत आहे. एकच कायदा अमरावतीलाही जाचतो. पण त्यासाठी राजधानीचा इतिहास मध्ये आणू नका. राज्यपाल सदरमध्ये राहत होते तेव्हाही अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजला नागपूरकडेच पाहावे लागत होते, आणि ते कॉलेज तर १९२३ मध्येच, विद्यापीठासोबतच सुरू झालेले. मागणी करायची तर सहाही महसुली विभागांतल्या विद्यापीठांना स्वतःच्या कायद्याची करा. त्या अर्जावर मी पहिली सही करतो. विधानभवनाची इमारत विद्यापीठाला द्या म्हणाल, तर त्यावर नाही.

सीताबर्डीकर

इमारतीची मागणी मी सोडणार नाही. अधिवेशनाचे आठवडे वगळून उरलेल्या काळात तिथले ग्रंथालय आणि दालने संशोधकांना खुली करायला कोणता कायदा आडवा येतो? मध्य प्रांताच्या कायदेमंडळातल्या चर्चा, विद्यापीठाच्या विधेयकावरची भाषणे, १९४६ च्या सागरच्या विधेयकावरची भाषणे, हे सगळे वाचायला मिळाले तर आपला हा वादही कागदावरून करता येईल. स्वतंत्र कायद्याच्या अर्जाचा मसुदा मी या आठवड्यात इथेच टाकतो. चांद्याच्या ताई, गोंडवानाचे कलम तुम्ही लिहा.

चांद्याची

लिहिते. पहिली ओळ आत्ताच सांगते: परीक्षेचे आणि पुनर्मूल्यांकनाचे काम तालुक्याच्या ठिकाणी व्हावे. बाकीचे उद्या.